सरकारी रानात हरणांचा हाका घालायचाय? आधी बाहेर उभ्या गाड्या मोजा

नोव्हेंबर आला की माझ्या व्हॉट्सअॅपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक म्हणजे पुण्याकडचे नातेवाईक, "अगं तू खरंच हरणं मारतेस?" आणि त्यामागोमाग काळवीटाचे जोक. दुसरे म्हणजे इथलेच, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडचे मराठी लोक, ज्यांनी नुकताच हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय आणि ऑफिसातल्या कुणीतरी "ये की आमच्याबरोबर ड्राइव्हला" म्हणून बोलावलंय, आणि आता हो म्हणून बसलोय पण तिथं नेमकं करायचं काय असं विचारत असतात. पहिल्यांना मी उत्तर देणं सोडून दिलंय. हे दुसऱ्यांसाठी.

ड्राइव्ह म्हणजे आपला हाकाच. थोडे लोक ओळीनं रान तुडवत जातात, बाकीचे पलीकडच्या टोकाला हरणांच्या वाटा धरून बसतात, त्यांना इकडे स्टँडर किंवा पोस्टर म्हणतात. माझ्या आजोबांच्या पिढीनं कोकणात डुकरांचे हाके घातलेत, मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते बंद झालं, निदान त्याबद्दल मोठ्यानं बोलणं तरी बंद झालं. इथं विस्कॉन्सिनमध्ये मात्र हे सगळं लायसन्स काढून, टॅग (म्हणजे एका हरणाचा परवाना) घेऊन, भर दिवसा चालतं. गन सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवस असतो, आणि साडेपाच लाखांच्या आसपास लोक बंदूक घेऊन रानात उतरतात. हा आकडा डोक्यात ठेवा कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बहुतेक ग्रुप हाका शिकतात ते कुणाच्या तरी घरच्या शेतावर. सासऱ्याची ऐंशी एकर, त्यात मक्याचं शेत, मधे एक ओढा, आणि रानात कोण कोण आहे हे झाडून सगळ्यांना माहीत, कारण सगळ्यांनी सकाळी एकाच टेबलावर नाश्ता केलेला असतो. तिथले नियम साधे असतात. पोस्टरनी हाकेकऱ्यांच्या ओळीकडे गोळी झाडायची नाही, हरीण आपल्याला ओलांडून पुढे गेलं की मगच, बाहेरच्या दिशेनं. हाकेकऱ्यांनी पुढे झाडायची नाही, हरीण ओळ फोडून मागे पळालं तरच मागे वळून. ऐकायला बरोबर वाटतं, आणि शेतावर ते बरोबर आहेही.

पण हेच नियम उचलून तुम्ही काउंटी फॉरेस्टमध्ये, म्हणजे काउंटीच्या मालकीच्या सरकारी रानात, नेले की गडबड होते. कारण "बाहेरची दिशा" आणि "मागची दिशा" सेफ का होती, तर तिकडे कुणी नाही हे माहीत होतं म्हणून. सरकारी रानात ते माहीत नसतं! मागे, म्हणजे जिथून तुम्ही वीस मिनिटांपूर्वी चालत आलात, तिथं आत्ता एखादा एकटा माणूस येऊन बसलेला असू शकतो. आणि बाहेर तर हमखास असतो, कारण अनुभवी एकटे शिकारी हाक्याचा आवाज ऐकला की मुद्दाम कडेला जाऊन बसतात, निसटलेलं हरीण आपल्याकडे येईल म्हणून. त्यात काही चूक नाही, रान त्यांचंही आहे. पण तुमच्या पोस्टरच्या मागे दोनशे यार्डावर हा माणूस आहे आणि तुमच्या नकाशात तो नाही.

म्हणून मला तो "एथिक्स वेगळं आणि सेफ्टी वेगळी" असा जो सूर असतो ना तो पटत नाही. ज्या माणसाची सकाळ तुम्ही न विचारता रान उठवून खराब करताय, तोच माणूस तुमच्या गोळीच्या वाटेत असण्याची शक्यता जास्त. त्याला जाऊन विचारलं की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

तर आमचा ग्रुप काय करतो ते सांगते. आम्ही सहा-आठ जण असतो, त्याहून जास्त नको असं आमच्या म्होरक्याचं मत, तो सत्तरीचा आहे आणि लहानपणापासून उत्तरेकडच्या सीडरच्या दलदली तुडवतोय. (काही राज्यांत हे कायद्यातच आहे, पेनसिल्व्हेनियात २५ च्या वर माणसं चालत नाहीत, मेनमध्ये तर तिघांच्या वर नाही.) तो सगळ्यात आधी रानाकडे बघतच नाही, गाड्या बघतो. ज्या तुकड्यात हाका घालायचा त्याला वळसा घालून चारी बाजूंचे रस्ते, लॉगिंग रोडची गेटं, वळणावरच्या पार्किंगच्या जागा, सगळीकडे गाडी फिरवायची. गाडी दिसली की आत माणूस आहे असं धरायचं, आणि एका पिकअपमधून चार माणसं उतरलेली असू शकतात हेही धरायचं. बर्फ असेल तर पावलं बघायची, त्यातनं किती जण कुठल्या दिशेला गेले ते कळतं. सगळेच बंदूकवाले असतात असंही नाही, ग्राउस पक्षी मारणारे असतात, कुत्रं फिरवायला आलेल्या बायका असतात.

मग जो कुणी सापडेल त्याला सरळ विचारायचं. "आम्ही साडेदहाला ह्या दलदलीतनं दक्षिणेकडून उत्तरेकडे चालणार आहोत, तुम्ही इथे बसताय का? आम्ही दुसरीकडे जाऊ शकतो." एवढंच. बरेचदा समोरचा खूश होतो, म्हणतो घाला की, मी इथेच बसतो, आणि मग तो आमच्या प्लॅनमधला एक पोस्टरच होतो, त्याला दिशा सांगायची, वेळ सांगायची, कोण कुठून येणार ते सांगायचं. कधी तो नाही म्हणतो. नाही म्हणाला की निघायचं, वाद नाही, तोंड वाकडं नाही. विस्कॉन्सिनमध्ये नुसती काउंटी फॉरेस्टच २४ लाख एकरांच्या आसपास आहेत, शिवाय नॅशनल फॉरेस्ट वेगळं. एका माणसाच्या स्टँडवरूनच, म्हणजे बसायच्या जागेवरूनच, हाका घालायची गरज कुणालाही नसते.

वेळेचंही तसंच. सीझनच्या पहिल्या शनिवारी सरकारी रानात हाका घालणारे लोक मला खरंच आवडत नाहीत. लोक वर्षभर वाट बघून, अंधारात दोन मैल चालत जाऊन झाडाशी बसलेले असतात. पहिल्या वीकेंडला बसूनच शिकार होते, हाका कामाचा ठरतो तो नंतर, थँक्सगिव्हिंगच्या शुक्रवारी वगैरे, जेव्हा हरणं दिवसा हलायचीच बंद झालेली असतात आणि दाट जागेत दडी मारून पडलेली असतात. तेव्हासुद्धा सकाळचे पहिले तीन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास बसणाऱ्यांचे, मधला वेळ आपला. हे कुठं लिहिलेलं नाही.

माणसाशी बोलायचं कसं यावर जरा थांबते, कारण आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना ते महत्त्वाचं आहे. २१ नोव्हेंबर २००४ ला इथल्या सॉयर काउंटीत एक ह्माँग (आग्नेय आशियातून इथे आलेला समाज) शिकारी दुसऱ्यांच्या खाजगी जमिनीवरच्या ट्री स्टँडमध्ये, म्हणजे झाडावरच्या मचाणात, सापडला, त्यावरून बाचाबाची झाली आणि त्याच्या गोळ्यांनी सहा माणसं मेली, दोन जखमी झाली. ती गोष्ट हाक्याची नाही आणि सरकारी जमिनीचीही नाही, पण त्यानंतर बरीच वर्षं प्रत्येक ह्माँग शिकाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघत होते. मला त्यातनं एवढंच घ्यावंसं वाटतं की दोन्ही बाजूंना भरलेल्या बंदुका असताना रानात हक्क सिद्ध करायला जायचं नाही. कुणी फारच त्रास देत असेल तर जागा, वेळ, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) फोन करायचा. दुसऱ्याच्या कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा इथं गुन्हाच आहे, ते बघून घेतील.

आता खुद्द हाका. आमच्याकडे सरकारी रानात हाकेकरी बंदूक रिकामी ठेवतात. ग्रुपमधल्या पोरांना हे अजिबात आवडत नाही, कारण मोठा बक, म्हणजे नर, कधीच शहाण्यासारखा पुढे पळत नाही, तो पडून राहतो, ओळ डोक्यावर आली की दोघांच्या मधून सुळकन मागे जातो, आणि तुम्ही नुसते बघत राहता. जाऊ दे. पळत्या हरणावर बंदूक फिरवत फिरवत माणूस कुठल्या दिशेला पोचला हे त्याचं त्याला कळत नाही, हाक्यातल्या अपघातांमधला हा नेहमीचा प्रकार आहे. रायफलची गोळी हुकली तर काही किलोमीटर जाऊ शकते. कोर्सात टॅब-के (TAB-K, बंदुकीच्या सेफ्टीचे चार नियम) शिकवतात, त्यातला बी, म्हणजे टार्गेट आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते नक्की माहीत असणं, तो हाक्यात सगळ्यात आधी विसरला जातो.

पोस्टरला बसवताना म्होरक्या स्वतः बरोबर जातो आणि हातानं दाखवतो, ह्या झाडापासून त्या बुंध्यापर्यंत, बाकी कुठेही हरीण दिसलं तर सलाम ठोक. जागा शक्यतो उंचवट्यावर किंवा शिडीवरच्या स्टँडमध्ये, म्हणजे गोळी खाली जाते आणि मातीत शिरते. सपाट जागेत, पुढे झाडीची भिंत, तिथं आम्ही कुणाला बसवतच नाही. रस्त्यावर उभं राहून वाट बघणारे पण असतात, गाडीला टेकून! रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत गोळी झाडता येत नाही, तरी दरवर्षी दिसतात.

हाकेकऱ्यांची ओळ तुटली की मग काही खरं नाही. टॅग ऑल्डरच्या झुडपात शेजारचा माणूस तीस पावलांवर दिसेनासा होतो, केशरी जॅकेट असूनसुद्धा (कंबरेच्या वर निम्मे कपडे ब्लेझ ऑरेंज हवेत असा नियम आहे, २०१६ पासून गुलाबीही चालतं, आम्ही डोक्यापासून पायापर्यंत घालतो). म्हणून आवाज देत राहायचा. आमचा एक जण कुत्र्यासारखा भुंकतो, मी मराठीत ओरडते, "हो... हो... हय्या", कुणाला काही कळत नाही पण मी कुठे आहे ते कळतं. वॉकीटॉकी असते, पण एक लक्षात ठेवा, ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या टॅगवर हरीण मारायची सोय इथं आहे ती फक्त एकमेकांच्या नजरेच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात असाल तरच, रेडिओवरचा आवाज त्यात धरत नाहीत. आणि पोस्टरनी जागा सोडायची नाही, हरीण समोर पडलं तरी नाही, म्होरक्या येऊन "झालं" म्हणेपर्यंत. नंतर डोकी मोजायची.

जमिनींच्या हद्दी दाखवणारं ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये हवं. जखमी हरीण खाजगी जमिनीत गेलं तर मालकाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आणि दुसऱ्या कुणाचं जखमी हरीण आपल्या हाक्यात उठून आपल्या पोस्टरनं पाडलं, हे सरकारी रानात होतंच. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा, आधीचा घाव जीवघेणा होता आणि तो माणूस रक्ताच्या मागावर येतोय, तर आमच्याकडे हरीण त्याचं. ओढायला मदतही करतो.

शेवटी उलट बाजू. तुम्ही एकट्या बसलाय आणि न विचारता दुसऱ्यांचा हाका अंगावर येतोय. माझ्यावर आलाय. एक जण अगदी शेजारून गेला आणि वर म्हणाला, "पब्लिक लँड आहे." हो बाबा, मीही पब्लिकच. अशा वेळी राग नंतर, आधी मोठ्यानं बोलायचं, "इथे माणूस आहे", शिट्टी वाजवायची, टॉर्च असेल तर लावायचा, आणि तुमच्यापेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं. हात किंवा रुमाल हलवायचा नाही, पांढरा तर मुळीच नाही, व्हाइटटेल पळताना शेपटी अशीच पांढरी फडकवतं. ओळ पूर्ण पुढे गेली तरी लगेच उठू नका, मागे राहिलेला एखादा असतो, आणि त्याच्याकडे सगळ्यांचं शेवटी लक्ष जातं.