आरशात दिसणारी गाडी

पुण्यातल्या एका स्टुडिओत मी रेसिंग सिम्युलेटरसाठी गाड्यांची त्रिमितीय मॉडेल्स बनवतो. युरोपातला गेम स्टुडिओ छायाचित्रे आणि कारखान्याचे आराखडे पाठवतो, आम्ही गाडी उभी करून देतो, ठरलेला मोबदला घेतो आणि पुढे ती किती खपली याच्याशी आमचा काडीचाही संबंध उरत नाही. त्यामुळे एका जीटी-३ (शर्यतीच्या स्पोर्ट्स कारचा एक वर्ग) गाडीच्या शेवटच्या पाहणीच्या दिवशी तिकडच्या प्रोड्युसरने घातलेली अट ऐकून आम्ही चक्रावलो. कॉकपिट, म्हणजे चालकाला दिसणारा गाडीचा आतला भाग, त्याने पाच मिनिटांत मंजूर केले. मात्र दूरच्या अंतरासाठीच्या हलक्या प्रती, म्हणजे एलओडी, पुन्हा करायला सांगितल्या. गाडी आरशात नखाएवढी दिसत असतानाही दिव्यांचा आकार आणि जाळीची ठेवण ओळखू आली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

कारण विचारल्यावर त्याने धंद्याचे गणितच उलगडले. ऑनलाइन शर्यतीत एकाने नवी गाडी विकत घेतली आणि इतरांच्या संगणकावर ती नसेल, तर त्यांना ती दिसणार कशी? म्हणून त्यांच्या गेममध्ये गाडीच्या फाइल्स अपडेटबरोबर सगळ्यांकडेच जातात आणि पैसे भरणाऱ्याला फक्त ती चालवण्याची मुभा मिळते. ज्याने पैसे भरलेले नाहीत, त्याला ती रोज आरशात दिसते, मागे टाकून जाते, आणि एखाद्या रात्री तोही खरेदीचे बटण दाबतो. कॉकपिट गिऱ्हाइकासाठी असते, गाडीचे नाक, म्हणजे समोरचा भाग, मात्र अजून गिऱ्हाईक न झालेल्यासाठी.

ट्रॅकचे गणित याच्या उलट असते. आयरेसिंग या ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये वर्गणी भरूनही बहुतेक गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. दुसऱ्याची गाडी दिसते, पण ट्रॅक आपल्याकडे नसेल तर त्यावरच्या शर्यतीत उतरताच येत नाही. तिथला हंगाम १२ आठवड्यांचा असतो आणि बहुतेक मालिकांमध्ये दर आठवड्याला ट्रॅक बदलतो. सगळा हंगाम खेळायचा, तर खिशात हात घालावाच लागतो. (मला हा प्रकार थोडा निष्ठुर वाटतो, पण लेझरने मोजून ट्रॅक उभारण्याचा खर्च कुठून तरी निघायला हवा, हेही खरे.)

अर्थात विक्रीची सगळी रक्कम स्टुडिओच्या हाती पडत नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा नेहमीचा वाटा ३० टक्के असतो आणि गाडी गेममध्ये वापरण्यासाठी तिच्या कंपनीचा परवाना वेगळा. परवान्याचे वजन किती, हे पोर्शच्या उदाहरणावरून कळते: २०१६ पर्यंत तिचे हक्क ईए या गेम कंपनीकडे असल्यामुळे इतर अनेक गेम रुफच्या (पोर्शवर आधारित गाड्या बनवणारी जर्मन कंपनी) गाड्यांवर भागवत होते, आणि असेटो कोर्सा या सिम्युलेटरने त्याच वर्षाच्या शेवटी पोर्शचे तीन पॅक आणले. परवान्याची मुदत संपली की दुकानही बंद होते. प्रोजेक्ट कार्स या रेसिंग गेमचे पहिले दोन्ही भाग २०२२ मध्ये याच कारणाने विक्रीतून निघाले.

आमच्या व्यवस्थापकांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि त्याच कॉलवर वाढीव कामाचे पैसे मागितले. थोडी घासाघीस होऊन ते मंजूर झाले. तेव्हापासून आमच्या कंत्राटात एलओडीचे काम वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने लावले जाते.