तुम्ही विचारलंत म्हणून: शोधनिबंध कुठून लिहायला घ्यावा?

प्रयोग संपले, वह्या भरल्या, आता शोधनिबंध नेमका कुठून लिहायला घ्यावा, असे संशोधक विद्यार्थी मला इतक्यांदा विचारतात की उत्तर एकदा लिहूनच ठेवावे असे वाटले. माझे उत्तर असे, की आलेख आणि तक्ते यांच्यापासून सुरुवात करावी. प्रस्तावनेपासून तर मुळीच करू नये.

प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा आजचा रूढ क्रम वाटतो तितका जुना नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक १६६५ मध्ये निघाले तेव्हा त्यात बरेचसे लेखन पत्रांच्या वळणाचे असे. ही चार भागांची चौकट सर्रास रुळली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ती वाचकाच्या सोयीसाठी आहे. संशोधन त्या क्रमाने घडत नाही, आणि म्हणूनच पीटर मेडावार या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये, शोधनिबंध ही एक फसवणूक तर नव्हे ना, असा प्रश्न उपस्थित केला होता.

मी स्वतः पहिल्या निबंधाची प्रस्तावना तीन आठवडे घोटवली. नंतर आलेख नीट काढायला बसलो, तेव्हा जो फरक मी मुख्य समजत होतो तो मोजमापातल्या चढउतारातच विरून गेला आणि दुसरीच गोष्ट ठळक झाली. प्रस्तावना अर्थातच फेकून द्यावी लागली. तेव्हापासून मी आधी चार-पाच आकृत्या पुढे मांडतो, प्रत्येकीखाली ती काय दाखवते ते एका वाक्यात लिहितो, आणि ती वाक्ये सलग वाचून युक्तिवाद उभा राहतो का, ते पाहतो. निष्पत्तीचा भाग बहुतांशी त्यातूनच तयार होतो. (मराठीत निष्पत्तीलाही अनेकदा 'निष्कर्ष' म्हणतात, त्या शब्दाने मोजलेले आणि अनुमानलेले यांची सरमिसळ होते, म्हणून मी तो इथे टाळतो.) आकृतीतल्या उभ्या त्रुटीरेषा (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) प्रमाण विचलनाच्या, म्हणजे मोजमापे किती विखुरली आहेत ते सांगणाऱ्या, आहेत की प्रमाण त्रुटीच्या, म्हणजे सरासरी किती अनिश्चित आहे ते सांगणाऱ्या, हे मात्र तिथेच सांगावे, कारण २५ नमुने असतील तर दुसरी पहिलीच्या एक-पंचमांश भरते आणि तोच विदा (डेटा) उगाच नेटका दिसू लागतो.

पद्धतींचा भाग काम चालू असतानाच लिहावा. दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे, एवढीच त्याची कसोटी. 'सेंट्रिफ्यूज मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी फिरवले' हे वाक्य काटेकोर वाटते खरे, परंतु रोटरची, म्हणजे नमुने वेगाने फिरवून त्यांतले घटक वेगळे करणाऱ्या या यंत्राच्या फिरत्या भागाची, त्रिज्या दिलेली नसेल तर नमुन्यावर किती बल पडले हे वाचकाला कळत नाही. त्यापेक्षा ते गुरुत्वाच्या किती पट होते, ते द्यावे.

चर्चेत आकडे पुन्हा उगाळू नयेत. त्यांचा आणखी कोणता अर्थ लागू शकतो आणि तो आपण का नाकारतो, हे सांगावे. आपल्या कामाची मर्यादा परीक्षकांनी दाखवण्याआधी आपणच लिहिलेली बरी. प्रस्तावना त्यानंतर लिहावी आणि चर्चेने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे तोच तिने विचारावा.

सारांश आणि शीर्षक सर्वांत शेवटी. बहुतेक वाचक तेवढेच वाचतात, त्यामुळे सारांशात 'परिणामांची चर्चा केली आहे' असे मोघम न लिहिता प्रत्यक्ष आकडा द्यावा.