आधी सुरी दाखवा, मग दगड: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातला, बाबांनी सुरू केलेला. फौंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना ग्राइंडिंग व्हील, एमरी पेपर, पॉलिशचं सामान पुरवायचं. हातानं धार लावायचा दगड म्हणजे कार्बोरंडमचा दोन बाजूंचा, एक खरबरीत एक बारीक, सुतार आणि मटणवाले न्यायचे, बास. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सलून बंद पडली, लोकांनी आजोबांचे वस्तरे ट्रंकेतनं बाहेर काढले, दुकान उघडल्या उघडल्या विचारपूस सुरू झाली, मागनं हॉटेलातले शेफपण यायला लागले, तिथनं आम्ही दगडांत नीट शिरलो.

सगळ्यात जास्त गोंधळ नंबरचा, म्हणजे दाणा किती बारीक ते सांगणाऱ्या आकड्याचा; आकडा मोठा तसा दाणा बारीक. "1000 चा पेपर आहे की ओ आमच्याकडं, दगड कशाला?" असं कारखान्यातली माणसं हमखास विचारतात. पण पेपरवरचा पी 1000 म्हणजे दाणा साधारण 18 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जपानी 1000 च्या दगडाचा दाणा त्याहून बारीक, मापंच वेगळी आहेत. घरच्या सुरीला 1000 चा एक दगड पुरतो, धारेला दाते पडले असतील तरच आधी 400 चा. कांदा-टोमॅटो चिरायला 8000 पर्यंतचा सेट नको, हे आम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, विक्री कमी झाली तरी चालेल.

वस्तऱ्याचं मात्र तसं नाही. तो दगडावर पूर्ण आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, त्या पाठीच्या जाडीनंच कोन ठरतो, म्हणून दगड सपाटच पाहिजे. आम्ही दुकानातच करून दाखवतो: दगडावर पेन्सिलनं उभ्याआडव्या रेघा मारायच्या, जाड काचेवर वॉटरपेपर (पाणी घालून वापरायचा घासायचा कागद) ठेवून पाणी घालून घासायचं. कडेच्या रेघा गेल्या आणि मधल्या राहिल्या की समजायचं मधे खड्डा आहे, शेवटची रेघ जाईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग 1000 पासून चढत 8000 किंवा त्याच्या वर, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, तिथं पाठ पुढं आणि धार मागं, उलटं केलं तर पट्टाच कापतो.

आता खानापूर, निपाणी, चंदगडकडनं फोन येतात, "दादा, एक चांगला दगड कुरिअरनं लावून द्या ओ". आम्ही आधी पात्याचा फोटो मागतो. दातेरी सुरी असली तर दगड देतच नाही, सपाट दगडावर तिचे दातेच झिजतात.