फोटोवाल्याचं सगळे ऐकतात

लग्नात नवरीचा मामा रुसला तर त्याची समजूत काढायला चार माणसं लागतात, पण तोच मामा फोटोवाल्याने नुसतं "मामा, जरा उजवीकडं" म्हटलं की मुकाट दोन पावलं सरकतो आणि वर पोटही आत घेतो. गुरुजींचं तेच. मुहूर्त टळायला नको म्हणून सगळ्या मांडवाला दामटवणारे गुरुजी "एक मिनिट गुरुजी, हार परत एकदा घालू दे" म्हटलं की थांबतात. आपल्या लोकांत फोटोवाला हा एकच माणूस आहे ज्याला कोणी उलट उत्तर देत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलीये. त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे थीम पार्कला गेलो आणि सोबत एक फोटोवाला ठरवून नेला यात लोकांना एवढं हसण्यासारखं काय वाटलं ते मला अजून कळलेलं नाही. "अगं फोन आहेत की सगळ्यांकडे," हे वाक्य नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीतल्या प्रत्येकीने मला ऐकवून झालं.

आहेत ना फोन, पण धरायचा कोणी? आणि धरला तरी ऐकतंय कोण? मी "इकडं बघा" म्हटलं की धाकटा मुद्दाम डोळे तिरळे करतो, मोठी म्हणते मम्मी हा अँगल नको, नवरा म्हणतो झालं का, आणि सासूबाई नेमक्या त्याच सेकंदाला पदर सारखा करायला खाली बघतात. शेवटी जो फोटो येतो तो आमच्या आधी तिथून गेलेल्या कुठल्यातरी बाईच्या पाठीचा चांगला येतो. आणि मी त्यात नसतेच.

हे नसणं घराण्यात चालत आलंय. आमच्या लहानपणी बाबा नसायचे. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला सुरू झालं, नाशिकच्या पोरांना तेव्हा ते परदेशापेक्षा थोडंच अलीकडं वाटायचं, पहाटे निघायचं, मुंबईत पोचायचं, मग खाडी बोटीने ओलांडायची, आणि बोटीतच आईने डबा उघडायचा. बाबांच्या गळ्यात हॉट शॉट कॅमेरा. ३६ फोटोंचा रोल, त्यामुळं "उगाच हलू नका, रोल फुकट जातो" हे दिवसभर चालू. अल्बम आजही आहे, चिकटपट्टीवाला, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. त्यात आई आहे, आम्ही बहिणी आहोत, आत्या आहे, बोटीचा नावाडी सुद्धा आहे. बाबांच्या हजेरीचा पुरावा म्हणजे काही फोटोंच्या कोपऱ्यात आलेलं गुलाबी धूसर बोट, बस.

नाशिकच्या माणसाने कॅमेऱ्याचा विषय काढला आणि दादासाहेब फाळके आले नाहीत असं होत नाही, तर येऊ देत. जन्म इथलाच, त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा, आणि सिनेमाच्या आधी गोध्र्याला त्यांचा फोटोचा धंदा होता हे पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. पण मला जास्त आठवतात त्या त्यांच्या बायको, सरस्वतीबाई. १९१३ साली जो पहिला चित्रपट आला, राजा हरिश्चंद्र, त्याच्या शूटिंगच्या वेळी सगळ्या युनिटचा स्वयंपाक ही बाई करत होती, फिल्मला भोकं पाडत होती, आणि उन्हात पांढरी चादर धरून उभी राहत होती, उजेड नटांच्या तोंडावर परतवायला. पडद्यावर त्यांचा लेक दिसतो, हरिश्चंद्राचा मुलगा रोहिताश्व झालेला. आणि ह्या स्वतः चादरीमागे. मी काही स्वतःची त्यांच्याशी बरोबरी करत नाही, माझं कर्तृत्व बटाट्याच्या भाजीपुरतं, पण उन्हात उभं राहून दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड कसा पडतोय ते बघणं म्हणजे काय हे मला कळतं.

कल्पना तशी अमेरिकेतून आली. माझी धाकटी जाऊ तिकडं असते, ते फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला गेले होते. ते पार्क १९७१ च्या ऑक्टोबरचं, म्हणजे आमच्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठं. तिथं पार्कचेच फोटोवाले किल्ल्यापुढं आणि ठिकठिकाणी उभे असतात, ते फोटो काढतात आणि ते थेट आपल्या अकाउंटला येऊन पडतात, फक्त डाउनलोड करायचे पैसे वेगळे. शिवाय काही लोक आपला स्वतंत्र फोटोवाला ठरवतात, दोन-तीन तासांसाठी, त्याचं तिकीट आपल्याला पडतं ते वेगळंच. सेल्फी स्टिक तर तिथं २०१५ च्या जूनअखेरपासून बंदच आहे, लोक चालू राइडमध्ये काढायला लागले होते म्हणून. जावेने पाठवलेल्या फोटोत चौघं होते, चौघंही कॅमेऱ्याकडं न बघता हसत होते, आणि मी तो फोटो झूम करकरून बघत बसले की हा काढला कोणी.

मग मी इथं चौकशी सुरू केली. नाशिकमध्ये प्री-वेडिंगवाले खंडीभर, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला संध्याकाळी गेलं तर जोडप्यांपेक्षा रिफ्लेक्टर जास्त दिसतात, पण "घरच्या लोकांचा, पार्कमध्ये, दिवसभर" म्हटलं की पुढचा माणूस जरा थांबायचा. "म्हणजे बर्थडे का ताई?" नाही. "अॅनिव्हर्सरी?" नाही. "मग?" मग काही नाही, आम्हीच. एकाने तर ड्रोनचा रेट सांगितला.

यात एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागलं की मग बार उडायला सुरुवात. दिवाळीची सुट्टी बरोब्बर त्याच्या अलीकडं येते. पोरांना सुट्टी, पाऊस गेलेला, ऊन अजून तापलेलं नाही आणि फोटोवाले रिकामे. मे महिन्यात हाच माणूस फोन उचलत नाही आणि उचलला तर रेट ऐकून आपणच ठेवतो. दिवाळीत तोच म्हणतो, ताई तुम्ही सांगा. तरी ठरवताना सगळं बोलून घ्यायचं: किती तास, एडिट केलेले फोटो किती देणार, बाकीचा सगळा डेटा मिळणार का नाही, तिकीट-जेवण कोणाचं (आपलं), आणि मोठा कॅमेरा आत चालतो का हे त्याने आणि आपण दोघांनीही पार्कला आधी विचारायचं, गेटवर वाद घालून सुट्टीची सुरुवात करायची नाही. पार्कचं नाव मी सांगत नाही, उगाच जाहिरात कशाला.

आम्ही ठरवलेला फोटोवाला निफाडकडचा मुलगा निघाला. वय चोवीस-पंचवीस, दाढी कोरलेली, बॅग पाठीवर घेऊन पहाटे मुंबई नाक्यावर आमच्याही आधी येऊन उभा. गाडीत मागच्या सीटवर सासूबाईंच्या शेजारी बसला आणि पाथर्डी फाटा यायच्या आत त्याचं आडनाव, गाव, मामाचं गाव, द्राक्षं किती एकर आणि लग्न का झालं नाही हे सगळं काढून झालं होतं. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलो, तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून आम्ही कसारा घाटाचं नाव काढत नाही. त्यात तो जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. सासूबाई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या, वरचे दिवे तोंडावरून सरासर जात होते, आणि ह्याने शेजारी बसूनच काहीही न बोलता फोटो घेतला. मी पुढून आरशात बघितलं. तेव्हाच मला वाटलं, पैसे वसूल.

पार्कमध्ये मात्र त्याचं खरं रूप दिसलं. "दादा, मोबाईल खिशात." नवऱ्याने ठेवला. मी गेली कित्येक वर्षं हे सांगतेय हो! "आजी, पदर मस्त आहे, आता फक्त वर बघा." बघितलं. धाकट्याला तर त्याने कॅमेऱ्याकडं बघायला बंदीच घातली, मग ते पोरगं दिवसभर चोरून कॅमेऱ्याकडं बघत होतं आणि फोटो झकास आले. मोठीला अँगल विचारायचा. माणूस हुशार.

राइडमध्ये तो येऊ शकत नाही, सुटी वस्तू घेऊन बसू देत नाहीत आणि देऊही नये. तो खाली उभा राहायचा, एक फेरी नुसता बघायचा की डबा कुठं वळतो, ऊन कुठल्या बाजूने येतंय, आणि पुढच्या फेरीला आम्ही वरून किंचाळत आलो की शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही पुढं ठेवून खटखटखट. बाकी राइडमध्ये पार्कचा स्वतःचा कॅमेरा असतोच, नेमका सगळ्यात खोल उतारावर लावलेला, आणि बाहेर पडताना आपलं ते भेदरलेलं ध्यान स्क्रीनवर दाखवून विकत घ्यायला लावतात. घेतलं आम्ही तेही. नवऱ्याने डोळे घट्ट मिटून शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरलाय.

दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळं येतं म्हणून तो आम्हाला एकतर सावलीत घालायचा नाहीतर जेवायला. आम्ही रांगेत उभे असताना तो बाजूला जाऊन भावाशी फोनवर बोलत होता, ऑक्टोबरची छाटणी झालेली, आता द्राक्षांवर डावणी रोग येईल का, फवारणी आज मारायची का उद्या. एका कानाला डावणी आणि एक डोळा लेन्सला. सासूबाईंनी ऐकलं आणि मग त्या दोघांचं द्राक्षांवर जे सुरू झालं ते चार वाजले तरी संपेना, त्यांचं माहेर पिंपळगावचं आहे. ग्रुप फोटो मात्र त्याने शेवटाला ठेवला होता, पाचच्या सुमाराला, त्याआधी सगळ्यांना तोंडं धुवायला लावली, केस विंचरायला लावले, पोरांच्या हातातले पॉपकॉर्न काढून घेतले. आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही मधे." मी सवयीने बाजूला सरकत होते. "बाजूला नाही, मधे. आणि पर्स द्या माझ्याकडं." मधे उभं राहायचं म्हणजे हातांचं करायचं काय हेच मला सुचेना. त्या फोटोत मी दोन्ही हात धाकट्याच्या खांद्यावर असे ठेवलेत की तो पळून चाललाय असं वाटतं.

आठवडाभराने ड्राइव्हची लिंक आली. आता हे लिंकचं एक असतं, फोटोवाल्याने मागून फाइली काढल्या की ती उडते, तेव्हा आल्या दिवशी उतरवून घ्यायचं. रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीला लावून सगळ्यांनी बघितले. हसले, ओरडले, "हा माझ्या डीपीला" वगैरे झालं. सासूबाईंचा एक क्लोजअप होता, मागे ते मोठं फिरतं चक्र धूसर झालेलं, त्या कुठंतरी वर बघून हसतायत. सगळे म्हणाले वा. त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या, टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "माझं गोंदण कुठंय?"

कपाळावर भुवयांच्या मधे हिरवा ठिपका आणि हनुवटीवर तीन, त्या सहा-सात वर्षांच्या असताना गोंदणारीण दारात आली होती तेव्हाचे. एडिटिंगमध्ये डाग म्हणून पुसले गेले होते. सुरकुत्या पण निम्म्या गेल्या होत्या, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, त्या म्हणाल्या गेल्या तर गेल्या. पण गोंदण नाही. "वर गेल्यावर तेवढंच बरोबर येतं म्हणतात, आणि हा पोरगा इथंच काढून ठेवतोय."

फोन लावला. बिचारा इतका ओशाळला, म्हणाला आजी सॉफ्टवेअरने आपोआप उचललं, बाई गोऱ्या-गुळगुळीत करून दे असंच सगळे सांगतात ना, सवय झाली. दुसऱ्या दिवशी नवीन फाइल आली. चारही ठिपके जागेवर, सुरकुत्याही सगळ्या परत. सासूबाई म्हणाल्या, सुरकुत्या कशाला आणल्या मेल्याने.

तरी तोच फोटो त्यांनी निवडला. "हा मोठा करून आण," मला म्हणाल्या, "पुढं हार घालायला कामाला येईल, तुमच्या सासऱ्यांच्या वेळी कशी धावपळ झाली, रेशनकार्डावरचा कापून मोठा करावा लागला, ओळखू पण येत नव्हते." नवरा चिडला, काहीतरी बोलू नको म्हणाला, पण त्यांचं लक्षच नव्हतं, त्या फोटोच बघत होत्या. मी म्हटलं आई, मग मागचं ते चक्र काढून साधा निळा रंग टाकायला सांगू का, हाराला तसंच असतं.

"छे, राहू दे," म्हणाल्या. "लोकांना कळायला नको, मी कुठं कुठं हिंडून आले ते?"

कॉलेज रोडच्या दुकानातून १२ बाय १८ ची प्रिंट काढून आणलीये. फ्रेमवाला शनिवारी देतो म्हणालाय, काच चकाकणारी नको एवढं त्याला दोनदा सांगून आलीये.