घरं नाही, चुली मोजल्या: महापुरानंतरच्या वाटपाचा माझा अनुभव

पाणी चढत असताना माणसं एकमेकांसाठी काय काय करतात, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. ते सगळं खरं होतं. आमच्या गावात ज्यांची दहा वर्षं बोलाचाल नव्हती, त्यांनी एकमेकांची म्हातारी माणसं पाठीवर घेऊन बाहेर काढली. पण पाणी उतरल्यावर, मदतीच्या गाड्या यायला लागल्यावर गावाची जी परीक्षा होते, तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मी गावातल्या दूध संस्थेचा सचिव. वाटपाचं काम बरंचसं माझ्या टेबलावर आलं, म्हणून लिहितो.

गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या पट्ट्यात. आम्हाला पूर नवा नाही. कृष्णा भरली की पंचगंगेला फूग येते, पाणी मागं सरकतं आणि रानातून गावात शिरतं. २००५ च्या पुराची खूण गावातल्या कितीतरी भिंतींवर होती आणि त्या खुणेनंच २०१९ ला घात केला. "त्या खुणेच्या वर पाणी येत नाही," असं म्हणत लोक घरात थांबले. सामान माळ्यावर टाकलं, जनावरं उंचावर बांधली आणि वाट बघत बसले. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी खालच्या गल्लीत पाणी आलं आणि पुढं ते २००५ ची खूण बुडवून वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, तिथं पंचगंगा ५५ फूट ७ इंचांपर्यंत पोचली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि दूध, डिझेल, वैरण, औषधं सगळंच अडकलं. ८ तारखेला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ती बातमी छावणीत आली तेव्हा आमच्या बायका मोठ्यानं रडल्या. त्याच नदीतून, तशाच भरलेल्या होडीतून आम्हीही आलो होतो.

छावणी जयसिंगपूरच्या बाजूला एका शाळेत होती. तिथं काही कमी पडलं नाही. आजूबाजूच्या गावांतून भाकरीच्या चळती येत होत्या. १२ तारखेला बकरी ईद होती. आमच्या जमातीनं कुर्बानीचे पैसे वैरणीला दिले आणि त्याचा कुठं गाजावाजा केला नाही. मराठवाड्यात तेव्हा पाऊस नव्हता, तिथले लोक स्वतः टँकरचं पाणी पीत होते, तरी तिकडूनही गाड्या आल्या. त्या गाडीवाल्यांना मी विचारलं, "तुमच्याकडंच दुष्काळ असताना कसं काय?" त्यातला एक म्हातारा म्हणाला, "तुम्ही आमच्यासाठी चारा पाठवला होता की." मला पुढं काही बोलता आलं नाही.

पाणी ओसरलं, आम्ही गावात आलो आणि अडचणी सुरू झाल्या.

गाड्या मोठ्या रस्त्यानं यायच्या. रस्त्याकडेची पहिली वस्ती दिसली की थांबायच्या आणि तिथंच रिकाम्या व्हायच्या. रस्त्याकडंची घरं उंचावर आहेत, तिथं पाणी कमी शिरलेलं. नदीकाठच्या गल्लीत मात्र गुडघाभर गाळ होता. तिथली माणसं घर उपसत होती, त्यांना रस्त्यावर येऊन उभं राहायला सवडच नव्हती. त्यामुळं ज्याचं गेलं तो गाळात आणि ज्याचं वाचलं त्याच्या दारात पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, असं होऊन बसलं. यात लबाडी करणारे थोडेच होते. गाडी दारात थांबली आणि कुणी हातात पिशवी दिली तर कोण नको म्हणेल? पण दुसऱ्या दिवशी तरुण पोरांनी एक ट्रक अडवला, ढकलाढकली झाली, आणि काही दिवसांपूर्वी एका होडीत बसलेली माणसं एकमेकांच्या अंगावर गेली.

त्या रात्री मारुतीच्या देवळात बैठक झाली. गावात दोन गट आहेत, प्रत्येक गावात असतात. दोन्ही गटांची माणसं, तालमीतली पोरं, गणेश मंडळाचे, जमातीचे, बौद्धवाड्यातले, बचत गटाच्या बायका, सगळ्यांना बोलावलं. ठरलं ते एवढंच: रस्त्यावर गाडी उतरवायची नाही, सगळा माल शाळेच्या हॉलमध्ये न्यायचा, आणि वही एका निवृत्त गुरुजींकडं ठेवायची. गुरुजींनी दोन्ही गटांची पोरं शिकवलेली, त्यामुळं त्यांच्या अक्षरावर कुणी शंका घेणार नव्हतं. देणाऱ्याला पावती द्यायची तर पावतीपुस्तक कुठलं? गणपती पंधरा दिवसांवर होते आणि मंडळाची वर्गणीची पुस्तकं छापून आली होती. वरच्या मजल्यावर होती म्हणून भिजली नव्हती. त्याच पावत्यांवर 'तांदूळ २५ किलोची ४० पोती', 'ब्लँकेट १२०' असं लिहून आम्ही देणाऱ्यांच्या हातात दिलं. वर गणपतीचं चित्र, खाली गुरुजींची सही. पुण्या-मुंबईच्या लोकांनी त्या पावत्यांचे फोटो काढून नेले. पुढं त्यातल्या कितीतरी जणांनी "आता काय पाठवू?" म्हणून परत फोन केले.

मग प्रश्न आला यादीचा. खरं सांगायचं तर सगळं काम या एका प्रश्नातच होतं.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीत एक आकडा, रेशन दुकानात दुसरा, मतदार यादीत तिसरा आणि माझ्या दूध संस्थेत चौथा. प्रत्येकाला आपलीच यादी खरी वाटत होती. घरपट्टीच्या यादीत भाडेकरू नसतात. रेशनला तीन भावांचं मिळून एकच कार्ड. मतदार यादीत पुण्याला नोकरीला गेलेली पोरंही आहेत. माझ्या यादीत प्रत्येक सभासदाच्या दावणीला किती जनावरं आणि दहा दिवसांचं बिल किती, हे पैशापर्यंत बरोबर, पण ज्याच्याकडं गाय-म्हैसच नाही तो माणूस माझ्या वहीत सापडत नाही. आणि जनावर नसलेली, रान नसलेली, दुसऱ्याच्या बांधावर जाणारी माणसंच नेमकी नदीच्या कडेला राहतात.

वाट दाखवली ती अंगणवाडीच्या सेविका ताईंनी. मी चार याद्या पसरून बसलो होतो. त्या आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "शेक्रेटरी, घरं मोजू नका, चुली मोजा. एका घरात तीन सुना येगळं रांधत्यात. त्यास्नी एक पोतं दिलं तर उद्या त्या घरात भांडण लागंल. आणि वीटभट्टीवरच्या पालात पण चूल हाय, ती कुठं लिवलीया तुम्ही?" ताईंना कोणत्या घरात तान्हं बाळ आहे, कुठली पोर आठव्या महिन्यात आहे, कुणाच्या सासूला साखरेच्या गोळ्या लागतात, हे तोंडपाठ होतं. त्यांच्या बरोबर बचत गटाच्या दोघी आणि तालमीची दोन पोरं देऊन आम्ही दारोदार पाठवली. नाव, चुलीवर जेवणारी माणसं, त्यातली लहान आणि म्हातारी किती, पाणी किती चढलं, जनावरं किती, कुणाला कोणतं औषध रोज लागतं. भाडेकरू, भट्टीवरचे कामगार, विभक्त राहणारी म्हातारी जोडपी, सगळी आली.

मग ती यादी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावली. माझ्या मते सगळ्यात मोठं काम या एका गोष्टीनं केलं. दिवसभर भिंतीपुढं गर्दी. "माझ्या चुलतभावाची चूल दोनदा आलीया," असं त्याचा सख्खा चुलतभाऊच सांगायला आला. कुणी रागानं आलं, कुणी सुटलेलं नाव सांगायला आलं. संध्याकाळपर्यंत दुरुस्त्या झाल्या आणि त्यानंतर यादीवर भांडण झालं नाही. वही कपाटात ठेवली असती तर आम्ही कितीही प्रामाणिक असतो तरी संशय गेला नसता.

प्रत्येक चुलीला दूध संस्थेच्या शिक्क्याची एक चिठ्ठी दिली. माल आधी मोजायचा. सगळ्या चुलींना पुरला तर सरसकट, नाही पुरला तर नदीकडून वर येत वाटायचा. गाद्या कमी आल्या तेव्हा त्या बाळंतिणी आणि अंथरुणावरची माणसं यांच्यासाठी ठेवल्या, आणि हे भिंतीवर लिहून टाकलं. वैरण मात्र चुलीप्रमाणे वाटता येत नाही, ती जनावरांमागं द्यावी लागते. तिथं माझी वही कामाला आली. वाळका चारा जनावर मोजून दिला आणि गाभण म्हशींना जास्त.

कपड्यांबद्दल लिहायलाच हवं. जुन्या कपड्यांचे ढीग आले. फाटके, मळके, काही तर नेसवत नाहीत असे. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण ज्या बाईचं सगळं कपाट गाळात गेलं तिच्यापुढं असा ढीग ओतला की तिला काय वाटत असेल याचा विचार करावा. आमच्या बायकांनी तीन दिवस ते निवडले, चांगले बाजूला काढले आणि एका वर्गात दोऱ्या बांधून टांगले. ज्याला हवं त्यानं जाऊन आपल्या हातानं निवडून घ्यावं, तिथं पुरुषांनी थांबायचं नाही, असा नियम त्यांनीच केला. नवी आतली वस्त्रं आणि पॅड यांची मागणी त्या खोलीतच एका वेगळ्या वहीत लिहिली जायची. ती वही आम्ही पुरुषांनी पाहिली नाही. ताई फोनवर आकडा सांगायच्या आणि माल यायचा.

एक मंडळी बाहेरून आली होती. त्यांना किट देताना प्रत्येकाचा फोटो हवा होता, बॅनरसकट. एक विधवा आजी चिठ्ठी हातात घेऊन रांगेतून निघून गेली. आम्ही त्यांना सांगितलं, मालाचा फोटो घ्या, पावती घ्या, माणसांचा नको. ते थोडे नाराज झाले, पण माल उतरवून गेले.

सफाईचं काम पोरांनी उचललं. गल्लीगल्लीला टोळी, आणि आळीपाळीनं आधी ज्यांच्या घरात करता माणूस नाही त्यांची घरं. भिजून कुजलेल्या ज्वारीचा आणि गव्हाचा वास मी जन्मात विसरणार नाही. कणगीतलं धान्य फावड्यानं ओढताना त्याला मोड आलेले दिसायचे. मिरजेच्या पूर्व भागातले शेतकरी द्राक्षबागेचे फवारणीचे ब्लोअर ट्रॅक्टरसकट घेऊन आले आणि त्या जोराच्या पाण्यानं भिंती धुऊन दिल्या. विहिरींतलं पाणी उपसून ब्लीचिंग टाकलं. मंडळानं त्या वर्षी मांडव घातला नाही. छोटी मूर्ती देवळात बसवली आणि वर्गणी सफाईला दिली.

पंचनाम्याच्या वेळी या यादीचा उपयोग मी धरला होता त्याहून जास्त झाला. सरकारचं सानुग्रह अनुदान, म्हणजे तातडीची मदत, ग्रामीण भागात कुटुंबाला १० हजार होतं, त्यातले ५ हजार रोख आणि बाकी खात्यावर. कुटुंब कोणाला म्हणायचं, हा वाद गावोगाव झाला. आमच्याकडं प्रत्येक चुलीची माहिती, भिंतीवरच्या पाण्याच्या डागाचा टेप लावून काढलेला फोटो आणि शेजाऱ्याची सही तयार होती. त्यामुळं विभक्त राहणाऱ्या बऱ्याच जणांची नोंद वेगळी झाली. जनावरं वाहून गेलेल्यांपुढं वेगळीच अडचण: मेलेलं जनावरच समोर नाही, मग पुरावा कशाचा? मी त्यांना संस्थेच्या दाखल्यावर ४ ऑगस्टपर्यंत घातलेल्या दुधाच्या नोंदी काढून दिल्या. सकाळी किती, संध्याकाळी किती, फॅट किती. रोज आठ लिटर दूध घालणाऱ्या माणसाकडं म्हैस होती हे त्यावरून कुणालाही कळत होतं. काहींचं काम त्यावर झालं, काहींचं नाही.

भाडेकरूंचं मात्र जमलं नाही. उतारा घरमालकाच्या नावावर, रेशनकार्ड दुसऱ्या गावचं. भट्टीवरच्या कुटुंबांनाही सरकारी यादीत बसवता आलं नाही. गावानं आपल्या साठ्यातून दिलं, पण ते सरकारी मदतीची बरोबरी करू शकत नाही. ही माणसं दर पुरात अशीच बाहेर राहतात, याचा मला आजही राग येतो. यावर तालुक्याला निवेदनं दिली आहेत आणि देत राहणार.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. कोल्हापुरात पंचगंगा २०१९ पेक्षाही वर, ५६ फूट ३ इंचांवर गेली. शिवाय कोरोना होता, छावणीत गर्दी करायची नव्हती. पण या वेळी यादी तयार होती. कुठल्या चुलीत म्हातारं माणूस आहे आणि ते कुणाच्या ट्रॅक्टरमधून जाणार, हे आधीच ठरलेलं. जनावरं आदल्या दिवशीच माळावर नेली. २०१९ ला "नाही येत पाणी" म्हणून अडून बसलेले आबाच या वेळी पहिल्या ट्रॉलीत होते.

तेव्हापासून दर जूनला, पेरणीच्या आधी, आम्ही यादी नव्यानं करतो. नवी सून आली, कुणी वेगळं झालं, कुणी वारलं, भट्टीवर नवी कुटुंबं आली, सगळं बदलून घेतो. पूरपट्ट्यातल्या कुणाला करायची असेल तर रकाने सांगतो: चुलीवरच्या कर्त्या बाईचं नाव आणि फोन, जेवणारी माणसं, तान्ही आणि म्हातारी, रोजची औषधं, जनावरं, २०१९ ला घरात किती फूट पाणी होतं, घर स्वतःचं की भाड्याचं, बाहेर पडायचं वाहन कुणाचं, आणि पाणी चढलं तर कोणत्या नातेवाइकाकडं जाणार. यादीच्या तीन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीत, एक अंगणवाडीच्या ताईंकडं, आणि एक गावाबाहेर, उंचावर राहणाऱ्या कुणाकडं तरी. आमची तिसरी प्रत जयसिंगपूरला गुरुजींच्या लेकीच्या घरी असते.