तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याकडच्या बायका संपल्या का?

कार्यक्रम संपून चहाचे कप फिरायला लागले की हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुधा पहिल्या रांगेतले असतात आणि "राग मानू नका हं" अशी सुरुवात करतात. "तुम्ही राहता नारायण पेठेत, आणि कादंबऱ्या लिहिता त्या हिटलरच्या छावणीतल्या पोलिश बायकांवर. आपल्याकडच्या संपल्या का?"

आजवर मी वेळ मारून नेत आले. कधी वळिवडे पुढे केलं. स्टालिनच्या राजवटीनं घरादारातून उचलून सायबेरियाकडे हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे आपल्याकडे आली आणि त्यातली पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिली. म्हणजे बघा, पोलंड काही अगदीच परकं नाही! समोरचे माना डोलावतात. खरं तर माझं पहिलं पुस्तक छापून झाल्यावर मला वळिवडे कळलं. ते उत्तर नाही, ढाल आहे. नूर इनायत खानचं नाव घेऊनही पाहिलं. टिपू सुलतानाच्या वंशातली, इंग्रजांसाठी पॅरिसमधून गुप्त संदेश पाठवणारी, सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या नाझी छावणीत गोळी घातलेली. तर "मग तिच्यावर लिहा की", हे तयारच.

तर ऐका. मी सुरुवात इथूनच केली होती. बेचाळीसचं पुणं. २४ जानेवारी १९४३ ला लष्करातल्या कॅपिटॉल थिएटरात झालेला बॉम्बस्फोट, येरवड्यात ठेवलेल्या उषा मेहता, हे सगळं वाचून काढलं होतं. पण मला नावाजलेल्या बायका नको होत्या. माजघरात बसून चळवळीत असलेल्या हव्या होत्या. ओळखीओळखीतून शनिवार पेठेतल्या एका आजींपर्यंत पोचले. ऐंशी ओलांडलेल्या, कानांनी जरा कमी, स्मरण मात्र लख्ख.

बेचाळीस साली त्या सोळा-सतरा वर्षांच्या, लग्नाला वर्षही न झालेल्या. थोरले दीर भूमिगत. सायक्लोस्टाइल केलेल्या बुलेटिनांचे गठ्ठे तिन्हीसांजेला वाड्यात यायचे आणि एक-दोन दिवसांत पुढे जायचे. एकदा गठ्ठा घरात असतानाच झडती आली. सासूबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गठ्ठा टाकला, त्यावर कांबळं पसरलं, सुनेला दंडाला धरून वर बसवलं आणि म्हणाल्या, "तोंड उघडायचं नाही." हवालदार खोलीच्या दाराशी आला तशा त्या बाहेरूनच ओरडल्या, "अहो, तिकडे कुठे? सून बाहेरची आहे!"

हवालदार उंबऱ्यावरच थबकला. मागून साहेब खेकसत होता, पण गडी काही आत पाऊल टाकेना. उभ्या उभ्या खोलीभर नजर फिरवली आणि परत गेला.

आजी हे सांगताना हसत होत्या. पुढचंही हसतच सांगितलं, मला मात्र हसू येईना. युक्ती लागू पडली म्हटल्यावर तो घरचा रिवाज झाला. गठ्ठा आला की सून कोपऱ्यात. "महिन्यातनं तीन-तीनदा कावळा शिवायचा गं मला." पौषातली थंडी, उघडी फरशी, वरून वाढलेलं ताट, आणि कुणाला शिवायचं नाही म्हणून तहान लागली तरी हाक मारायची नाही. आळीत कुजबुज सुरू झाली की हिच्यात काहीतरी खोट आहे. वैद्यांकडे नेलं, काढे पाजले. खरं कारण वैद्यांना सांगायची सोय नव्हती, म्हणून काढे प्यावेच लागले! पुढे मूल उशिरा झालं तेव्हाही तेच बोलणं. चळवळ संपली, देश स्वतंत्र झाला, "सारखी बाहेर बसणारी" हे नाव काही सुटलं नाही.

मी विचारलं, "भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. खरोखरीची बसायची वेळ आली आणि नेमका त्याच दिवशी गठ्ठा आला, तर सासूबाई काय म्हणतील? कागद विटाळले म्हणतील का?"

"आणि देशाचं काय वाटायचं?"

"देशाचं भावजी बघत होते."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं लिहून काढलं, आणि आमचं ठरलं होतं म्हणून टाइप करून त्यांच्या मुलाला वाचायला दिलं. मुलगा म्हणजे निवृत्त गृहस्थ, अत्यंत सभ्य. बोलावून घेतलं, चहा-चिवडा दिला. पानं टीपॉयवर, वर चष्म्याची केस.

"ताई, लिहिलंय छान. पण हे असलं नको. आई झेंडा घेऊन मोर्चात होती, असं करा."

"होत्या का?"

"असेलच की. त्या काळी सगळेच जायचे."

आजी तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. कानांनी कमी असल्या तरी हे त्यांना ऐकू आलं होतं, कारण हात थांबला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मुलाकडे बघत होत्या. निघताना दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे बाई. नातसून वाचेल. तिच्या माहेरी वाचतील."

नाव बदलायचं, पेठ बदलायची, छापून मोकळं व्हायचं, असं तेव्हाची मी म्हणत होते. लेखकानं परवानग्या मागत हिंडायचं नसतं, हे वाक्य तर तोंडपाठच होतं. पण पुण्यात पेठ बदलून काय होणार? कांबळ्यावरून चार घरं बरोबर ओळखली असती. पानं पिशवीत घातली आणि कपाटात ठेवली. त्याला कुणी त्या माउलीचा मान राखणं म्हणेल, कुणी माझा भित्रेपणा. दिवस बघून मी दोन्ही म्हणते.

त्यानंतर रावेन्सब्रुक हाती लागलं. बर्लिनच्या उत्तरेला, पुण्याहून वाई असेल साधारण तेवढ्या अंतरावर, नाझींनी १९३९ मध्ये खास बायकांसाठी उघडलेली छावणी. तिथे १९४२-४३ मध्ये चौऱ्याहत्तर पोलिश बायकांचे पाय चिरून, जखमांत जंतू सोडून सल्फा औषधांचे प्रयोग केले. छावणीत त्यांना 'ससे' म्हणत. घरी पाठवायची पत्रं तपासली जात, म्हणून त्यांच्यातल्या काहींनी ओळींच्या मधल्या जागेत स्वतःच्या लघवीनं लिहिलं. घरच्यांनी कागदावर इस्त्री फिरवली की अक्षरं उमटायची. प्रयोगांची बातमी अशी बाहेर गेली. डिसेंबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला डॉक्टरांच्या खटल्यात याद्विगा जिदो कोर्टासमोर उभी राहिली आणि पायावरचा व्रण तिनं सगळ्यांना दाखवला.

हा प्रसंग मी पुण्यातल्या सभागृहांत वाचून दाखवते. "अंगावर काटा आला," म्हणतात. "काय धाडस, काय डोकं!" आजवर एकानंही 'शी' म्हटलेलं नाही. पोलिश बाईच्या लघवीला आपल्याकडे शौर्याचा मान आहे. शनिवार पेठेतल्या सुनेचा विटाळ, तोही खोटा, छापायचा म्हटला तर घराण्याची अब्रू जाते. लांबच्या बाईला शरीर असलेलं आपल्याला चालतं. जवळची एकतर देवी हवी, नाहीतर झेंडा घेतलेली. तुम्ही विचारता ना, हे त्याचं उत्तर.

आता यावर मीच माझी उलटतपासणी घेते, तुम्ही तसदी घेऊ नका. या 'सशां'तल्या बऱ्याच जणी पोलंडातल्या लुब्लिनच्या, आणि लुब्लिनमध्येही मुलगे असणारच. तिथल्या कुठल्याशा बाईनंही सुनेच्या माहेरच्यांना भिऊन काही गाळलं असेल. सोव्हिएत सैन्यात आठेक लाख बायका लढल्या, आणि परतल्यावर आघाडीवर असल्याचं लपवून ठेवणाऱ्या त्यांत कितीतरी होत्या, कारण शेजारणी विचारायच्या की तिथे पुरुषांत काय करत होतीस. म्हणजे तिकडे मोकळीक आहे असं नाही, मला तिथे कुणी ओळखत नाही, एवढंच. माझ्या दारात कुठली पोलिश नातसून येणार आहे? ही सोय आहे, आणि सोयीला मी 'कलात्मक अंतर' वगैरे म्हणत आले, तेही छापील मुलाखतींत.

तरीही रावेन्सब्रुक सोडणार नाही. पुढचं पुस्तक तिथलंच आहे, आणि मुखपृष्ठावर पाठमोरी बाई नि आकाशात विमानं नसतील, एवढं प्रकाशकाकडून कबूल करून घेतलंय.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी त्यांच्या मुलाचा फोन आला. घराण्याची स्मरणिका काढताहेत, आईवर दीडशे शब्द हवेत, "ते झेंड्याचं तेवढं तुमच्या भाषेत." मी बघते म्हटलं. दीडशे शब्दांत झेंडा आरामात बसतो, कांबळं बसवायला गेले की खोडाखोड होते. नातसून आता पन्नाशीला आली असेल. तिलाच फोन करून सगळं सांगावं असं चाललंय मनात. तिनं 'नको' म्हटलं तर सुटले, 'लिहा' म्हटलं तर आली पंचाईत.