आमची वाटचाल: राखेची वीट आणि चाळीस माणसांचं काम

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीजकेंद्रं आहेत. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 40 टक्के राख निघते, त्यामुळे इथे राखेला तोटा नाही. 14 सप्टेंबर 1999 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनंतर वीजकेंद्राजवळच्या वीटउत्पादकांना राख वापरणं भाग पडलं. आमचा विटांचा कारखाना त्याच राखेवर उभा राहिला. सुरुवात पाच माणसं आणि हातानं दाबायच्या यंत्रानं झाली. आज हायड्रॉलिक प्रेस, पॅन मिक्सर आणि बारा जणांची पाळी आहे.

बारा हा आकडा लहान वाटेल. पण हे बारा जण दिवसाला आठ हजार विटा पाडतात, आणि एक गवंडी दोन मदतनीस घेऊन दिवसाला साधारण सहाशे विटा रचतो. म्हणजे आमच्या एका दिवसाच्या मालावर तेरा गवंडी, मदतनीस धरून चाळीसेक माणसं, एक दिवस काम करतात. बुटीबोरी, हिंगणा, मिहानकडच्या कारखान्यांचे शेड लोखंडी असतात. वीट लागते ती कंपाउंडला, ऑफिसला, संडास-बाथरूमला. तरी तेवढ्यावर गावातल्या गवंड्यांच्या जोड्या महिनोन्महिने चालतात. मात्र वीट वाकडी किंवा ठिसूळ निघाली की उक्त्या कामावरच्या गवंड्याचा दिवस बुडतो. रोजगाराची काळजी म्हणूनच मिक्सरपासून घ्यावी लागते.

एका घाण्याला, म्हणजे मिक्सरमध्ये एका वेळी कालवायच्या मालाला, 25 किलो सिमेंट, 180 किलो कोरडी राख आणि 110 किलो चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. यात 9 बाय 4 बाय 3 इंची शंभरेक विटा होतात, प्रत्येकी तीन किलोच्या आसपास. मसाला मुठीत दाबला की गोळा टिकला पाहिजे, पण तळव्याला पाणी सुटता कामा नये. पाणी कमी पडलं तर कोपरे झडतात, जास्त झालं तर माल साच्याला चिकटतो. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातली राख पावसाळ्यात वजनाला भरते ती पाण्यानं, त्यामुळे सगळं प्रमाण चुकतं. राख काळपट दिसली तर तिच्यात न जळालेला कोळसा जास्त आहे असं समजावं. ती पाणी पिते आणि वीट कमजोर करते. भिजवलेला घाणा अर्ध्या तासात संपवायचा, जेवणाच्या सुट्टीत मिक्सरमध्ये माल ठेवायचा नाही.

खरा घात उन्हाळ्यात होतो. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा चट्ट्याची, म्हणजे रचलेल्या थप्पीची, वरची वीट तासाभरात कोरडी पडते. पाण्याअभावी सिमेंट नीट पकडत नाही आणि वीट भुसभुशीत राहते. गोणपाट ओलं ठेवून किमान 14 दिवस तराई करावीच लागते, म्हणजे वीट पाणी मारून ओली ठेवावी लागते, आम्ही 21 करतो. त्याआधी वीट विकली तर ती भिंतीत आकसते आणि प्लास्टरला भेगा जातात. चट्ट्यातल्या काही विटा 24 तास पाण्यात बुडवून पुन्हा तोलायच्या. वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो चट्टा गाडीत चढत नाही.

गावातली माणसं ठेवायची तर गावाचं वेळापत्रक मानावं लागतं. जूनमध्ये पेरणी, जुलैत मौदा-रामटेककडे धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी. या दिवसांत हजेरी घटते, आणि ऑपरेटर एकच असेल तर सगळेच घरी बसतात. म्हणून प्रेस, मिक्सर आणि तराई, प्रत्येक काम दोघांना शिकवलेलं आहे, आणि मेअखेर साठा करून ठेवतो. चुकारा आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, न चुकता. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगार विमा, वीस झाली की पीएफ. कागद सुरुवातीपासून नीट ठेवले तर हे ओझं वाटत नाही.

गवंड्यांचं दुखणं वेगळं. बांधकाम कामगार म्हणून नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर जमतात त्या चौकात, उभा राहणारा माणूस रोज नव्या ठेकेदाराकडे जातो. मग सही कोण देणार? आमच्या सांगण्यावरून आता काही ठेकेदार साइटवरच हजेरीवही ठेवतात.

तुटक्या विटा आम्ही फेकत नाही. यार्डात मातीच्या गाऱ्यात त्यांची सरावाची भिंत बांधतो, पाडतो, पुन्हा बांधतो. तिथेच शिकायचं: दोरी, ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या, आणि खालच्या सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून वरच्या थरात सांधा सरकवणं. लाल विटेची सवय असलेला हात राखेची वीट पाण्यात बुडवून काढतो आणि मग ती गाऱ्यावर सरकते. तिला नुसता शिडकावा पुरतो. सध्या या भिंतीवर वर्षानुवर्षं घमेली उचलणाऱ्या तिघी थापी धरायला शिकत आहेत.